घड्याळाचा फ्यूज

मुलगा विमा कंपनीचा सर्वेअर होता. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, मालकाची कहाणी ऐकून घ्यायची आणि ती घडलेली की रचलेली हे ठरवायचं, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. मागून ट्रकनं उडवलं म्हणून गळा काढणाऱ्याच्या बंपरला स्वतःच्याच कुंपणाचा रंग लागलेला त्याला लांबूनच दिसे. अशा कामाची पुढे खोड होते. अख्खं जग आपल्यापासून काहीतरी लपवतंय असं वाटायला लागतं, आणि त्या जगाच्या मोजदादीत आपण स्वतःला धरत नाही.

त्यामुळे वडिलांची जुनी गाडी सकाळी सुरू होईना, तेव्हा बॉनेट न उघडताच त्यानं निकाल देऊन टाकला.

"दिवे चालू राहिले असणार, बाबा."

"मी बंद केले होते रे."

"सगळे असंच म्हणतात."

सगळे म्हणजे त्याचे विमेदार. जन्मदात्याला आपण त्या रांगेत नेऊन उभं केलं, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्यांदा बॅटरी उतरली तेव्हा त्यानं लाल शाईनं 'दिवे बंद केले का?' असं लिहिलेली चिठ्ठी स्टिअरिंगवर चिकटवली, तीही आपल्या बायकोसमोर आणि लेकीसमोर. लेक हसली. सासऱ्यांची बाजू घ्यावी की नवऱ्याची, हे न ठरल्यामुळे बायको आत निघून गेली. म्हातारबाबांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली, आणि तिला हातही लावला नाही. मग नवीन बॅटरी बसवली. तीही उतरली. तेव्हा चावी मुलाच्या खिशात गेली आणि सगळ्या घरानं मनातल्या मनात एक गोष्ट मान्य करून टाकली: बाबांचं आता विसरायला होतं. त्यात सगळ्यात आधी मान्य करणारे बाबाच होते. हल्ली ते जेवता जेवता उठून खिडकीतून गाडी बघून येत, आणि परत बसल्यावर, आपण बघितली की नाही, या विचारात पुन्हा उठत.

शेवटी शेजाऱ्याच्या गाडीवरून करंट घेऊन मुलानं ती चालू केली आणि गाड्यांची वायरिंग बघणाऱ्या कारागिराकडे आणली. मुलगा चालवत होता, वडील बाजूला. ज्या सीटवर वडील कधी बसले नव्हते त्या सीटचा पट्टा कुठे अडकवायचा, हे त्यांना सापडत नव्हतं. मुलानं तेही टिपून ठेवलं.

कारागिराला सगळे झटका म्हणत. उमेदवारीच्या काळात त्यानं एकदा स्वतःच्या मालकाला इग्निशनच्या तारेचा असा काही झटका बसू दिला होता की मालक नंतर त्याला नावानं हाक मारायलाच तयार नव्हता. आता झटक्याचं स्वतःचं दुकान होतं. भिंतीभर तारांची भेंडोळी, खाली मेलेल्या बॅटऱ्यांची रांग, आणि गिऱ्हाइकांसाठी एका व्हॅनमधून उचकटून आणलेलं बाक. त्यानं आधी स्टिअरिंगवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली.

"हे कुणासाठी, काका?"

"माझ्यासाठी."

"अक्षर तुमचं नाही."

"नाही."

झटक्यानं मुलाकडे एकवार पाहिलं आणि बॉनेट उघडलं. गाडीतलं सगळं बंद आहे, हे त्यानं काकांकडूनच वदवून घेतलं: दिवे, रेडिओ, पंखा, वायपर. मग ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याच्या खाचेतलं छोटं बटण चिकटपट्टीनं दाबून टाकलं, म्हणजे दार लावलेलं आहे अशीच गाडीची समजूत राहावी आणि आतला दिवा विझावा. मग बॅटरीच्या निगेटिव्हची तार सोडवली आणि तार आणि बॅटरी यांच्या मधोमध मीटर जोडलं.

"आता जे काही या बॅटरीतून जाईल ते या मीटरमधून जाईल. सगळं बंद असताना इथे नावापुरता आकडा हवा. घड्याळ तेवढं चालतं ना, त्याच्यापुरता."

तिघं वाकले. मीटरवर शून्याच्या पुढे पॉइंट अठ्ठावीस आलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं.

"कुणीतरी पितंय," झटका म्हणाला. "काका, तुमच्या दिव्यांचा काही संबंध नाही. सगळे दिवे बंद आहेत आणि तरी हे चाललंय. रात्रंदिवस."

वडील आनंदानं उडी मारतील, निदान 'बघितलंस?' म्हणतील, अशी मुलाची अपेक्षा होती. त्याच्या लेखी त्यांना तेवढा हक्क होता. ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले, आणि मग स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे मी बंद करत होतो."

मुलाची मान खाली गेली. चिठ्ठीची, चावीची, लेकीच्या हसण्याची अशी सगळी बाकी एकदम त्याच्या नावावर चढली. घरी जाऊन सगळ्यांदेखत माफी मागायची, असं त्यानं मनोमन ठरवलंसुद्धा. माणूस मनात फार झटपट उदार होतो.

"रोज चालवता का?" झटक्यानं विचारलं.

"पूर्वी रोज. आता नाही."

"तरीच. रोज फिरत होती तोवर पिणारा पीत होता आणि चालताना भरून निघत होतं. उभी राहिली आणि उघडं पडलं. मागाहून काही बसवलंय का हिच्यात? टेप, अलार्म, असलं काही?"

"काही नाही," वडील म्हणाले. "जशी आणली तशी आहे."

मुलगा मीटरकडे बघायला लागला.

बसवलं होतं. त्यानंच बसवलं होतं. वडिलांनी एकदा फाटकाच्या खांबाला गाडी घासली, त्यानंतर त्यानं 'सर्व्हिसिंग करून आणतो' म्हणून ती नेली होती आणि डॅशबोर्डच्या मागे काडेपेटीएवढं एक यंत्र बसवून आणलं होतं. गाडी कुठे आहे ते त्याच्या फोनवर दिसे. 'हे काही करंट खात नाही, साहेब,' असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं, आणि जगातल्या प्रत्येक माणसाच्या शब्दाला खोदून बघणाऱ्या सर्वेअरानं तेवढा एक शब्द मुकाट्यानं खिशात घातला होता. सुरुवातीला काळजी म्हणून बघायचा. पुढे सवय झाली. नंतर तर ऑफिसात चहा आला की तो फोन काढी आणि नकाशावरचा निळा ठिपका कुठं चाललाय ते बघे, जसे दुसरे लोक मॅचचा स्कोअर बघतात.

तेवढ्यात रस्त्यावर एक टेम्पो भोंगा वाजवत येऊन थांबला. थांबला तरी भोंगा थांबेना. "हा आधी गप्प करतो, नाहीतर गल्ली मला गप्प करील," म्हणत झटका पक्कड घेऊन पळाला. बाप-लेक बाकावर बसले.

"बाबा, गाडी रोज काढायचं का थांबवलंत?"

"जायला ठिकाण उरलं नाही."

"म्हणजे?"

वडिलांनी जरा वेळ भोंगा ऐकला. "टेलरकडे जायचो मी. बुद्धिबळ खेळायला. तुला सांगायचो वाचनालयात जातो. तिथे एखादी सिगारेट व्हायची, म्हणून. मग तू एकदा जेवताना म्हणालास, वाचनालय हल्ली टेलरच्या दुकानात भरतं वाटतं. आठवतं?"

आठवत होतं. फार खुशीत येऊन म्हणाला होता तो.

"मी विचार केला, याला कोण सांगणार? तू पँट कमी करायला टाकली होतीस त्याच्याकडे त्याच आठवड्यात. मग सरळच आहे. गेलो दुसऱ्या दिवशी. दुकानात गिऱ्हाइकं होती. सगळ्यांसमोर म्हणालो, 'लोकांचे कपडे शिवतोस, आधी स्वतःच्या तोंडाला दोन टाके घाल.'"

"मग?"

"मग काय. त्याच्या हातात टेप होता. माप घेत राहिला. वर बघितलंसुद्धा नाही त्यानं." वडिलांनी गुडघे चोळले. "इतक्या वर्षांचा माणूस. पण जीभ सैल निघाली, त्याला कोण काय करणार?"

भोंगा थांबला. मुलाला वाटलं, वाजत राहिला असता तर बरं झालं असतं.

झटका हात पुसत आला आणि त्यानं कामं वाटून दिली. फ्यूजची पेटी स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी. तिथे तो स्वतः पाठीवर आडवा होणार. काकांनी बाजूच्या सीटवर बसून पेटीच्या झाकणावरच्या यादीतून एकेका फ्यूजचं नाव घ्यायचं. तो फ्यूज झटका काढणार, आणि साहेबांनी, म्हणजे मुलानं, मीटरपाशी उभं राहून आकडा सांगायचा. ज्या फ्यूजला आकडा खाली पडेल, त्या वाटेवर पिणारा बसलाय. नाही पडला तर फ्यूज परत जागेवर.

"हॉर्न," वडिलांनी पुकारलं. त्यांच्या आवाजाला आता धार आली होती. गाडी शाबूत, डोकं शाबूत, आणि हातात काम.

"तेवढाच," मुलानं बॉनेटपलीकडून सांगितलं.

"वायपर."

"तेवढाच."

"डावा दिवा… उजवा दिवा… पंखा."

तेवढाच, तेवढाच, तेवढाच. आणि मुलगा मनात एकच गोष्ट घोकत होता: ते यंत्र कोणत्या तारेवर जोडलं असेल? बसवणाऱ्यानं सांगितलं होतं काहीतरी, चोवीस तास करंट असलेली तार, कुठली बरं…

"घड्याळ आणि आतला दिवा."

खाली खुट्ट झालं. मीटरवरचा आकडा एकदम घसरला आणि शून्याला जवळजवळ टेकून उभा राहिला.

बॉनेटच्या फटीतून त्याला वडिलांचा एक कान आणि चष्म्याची दांडी दिसत होती. कान टवकारलेला.

"तेवढाच," तो म्हणाला.

खोटं बोलणाऱ्याला ओळखायची त्याची स्वतःची एक खूण होती. ती तो नव्या पोरांना शिकवीही: खरं सांगणारा जरा चाचरतो, कारण त्याला आठवावं लागतं, खोटं सांगणाऱ्याचं उत्तर प्रश्नाला चिकटूनच येतं. आता त्याचं उत्तर खुट्ट आवाजाला चिकटूनच आलं होतं, आणि हे कळणारा एकुलता एक तज्ज्ञ तो स्वतःच होता.

राहिलेले फ्यूजही झाले. झटका बाहेर आला, मीटर बघितलं. सगळे फ्यूज पुन्हा जागेवर असल्यामुळे आकडा पूर्वीसारखाच. त्यानं बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरची तार सोडवून बघितली. काही फरक नाही. डोकं खाजवलं.

"असं होत नाही," तो म्हणाला. "जातंय तर कुठून तरी जायला पाहिजे."

"तारा जुन्या झाल्या असतील," मुलगा म्हणाला. लागलीच म्हणाला.

"तसं असेल तर मग वाईट. आत कुठेतरी तार सोललेली असेल तर एखाद दिवशी पेट घेईल. अख्खी वायरिंग उलगडायला लागेल, आणि या गाडीला ती आता नवी मिळायची नाही. खरं सांगू का काका, भंगारात…"

"भंगारात?" वडील म्हणाले.

मोठ्यानं नाही म्हणाले. झाकण अजून त्यांच्या हातात होतं, यादी वर करून. त्यांनी ते मांडीवर ठेवलं आणि डॅशबोर्डवरून तळवा फिरवला, धूळ पुसल्यासारखा. मुलगा उभा राहून हिशेब करत होता. टेलर तुटला, तो आपल्यामुळे. चावी गेली, ती आपल्यामुळे. आता गाडी. आणि बदल्यात आपल्या पदरी काय पडलं? ऑफिसातला चहा जरा चवीनं पिता आला.

"थांबा," झटका म्हणाला. "भंगाराचं नंतर. माझी एक रीत आहे. सापडलं नाही तर दुसरी फेरी मारायची, आणि माणसं बदलून. एकच डोळे दोनदा तेच बघतात. काका, तुम्ही मीटरवर या. साहेब, तुम्ही झाकण घ्या."

साहेबांकडे त्यानं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही की सहज, हे मुलाला पुढे कितीही वेळा आठवून ठरवता आलं नाही.

वडील उतरून बॉनेटपाशी गेले. मीटरवर असे वाकले, जणू कुणाचा ताप बघताहेत. मुलगा त्यांच्या जागेवर बसला. झाकण हातात घेतलं. पहिलं नाव हॉर्नचं होतं. खाली झटका आडवा होऊन वाट बघत होता. त्याचं डोकं दिसत नव्हतं, फक्त चिमटा धरलेला हात वर आलेला.

"घड्याळ आणि आतला दिवा," मुलगा म्हणाला.

"यादीत पहिला तो नाही."

"माहीत आहे. तो आधी काढा."

हात क्षणभर तसाच राहिला. मग खुट्ट झालं.

"पडला!" बॉनेटमागून आरोळी आली. "अरे पडला की! एकदम खाली! झटका, पडला रे! सापडलं!" आणि मग, लहान पोरासारख्या आवाजात, "मी बघत असताना पडला!"

एवढा आनंद त्यांच्या आवाजात मुलानं किती दिवसांत ऐकला नव्हता. त्याला तो कानांत बोटं घालून बंद करावासा वाटला.

झटक्यानं खालचं पॅनेल उतरवलं, घड्याळाच्या तारेचा माग काढत हात आत घातला आणि काळी डबी बाहेर ओढली. तिच्यावर तांबडा ठिपका लुकलुकत होता. जोडावर टेपचे दोन वेढे, तेही सुटत आलेले. "हा आपल्या धंद्यातल्या माणसाचा जोड नाही," तो तोंड वाकडं करून म्हणाला, आणि मग डबीकडे, मुलाकडे आणि जवळ येणाऱ्या काकांकडे आळीपाळीनं बघून त्यानं मुलाला निसटायला एक दार उघडून दिलं. "असतं असं कधी कधी, काका. आधीच्या मालकानं काहीतरी बसवलेलं असतं."

"आधीचा मालक मीच," वडील म्हणाले. "कोरी घेतलीय."

"मग शोरूमवाल्यांनी…"

"तेव्हा असलं काही निघालंच नव्हतं. काय आहे ते?"

झटका आपली पक्कड शोधायला लागला. ती त्याच्या हातातच होती.

"मी बसवलं, बाबा," मुलगा म्हणाला. "गाडी कुठे आहे ते कळतं त्यानं. फोनवर."

"गाडी कुठे आहे," वडिलांनी तसंच्या तसं म्हटलं. "गाडी माझ्याखालीच असायची की."

"खांबाला लागल्यापासून मला काळजी…"

"काल मी कुठे होतो?"

"घरी."

"परवा?"

"घरीच."

"त्याच्या आदल्या दिवशी?"

मुलानं हातातलं झाकण सीटवर ठेवलं.

"म्हणजे यंत्र चांगलं आहे," वडील म्हणाले. "बरोबर दाखवतंय." मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू जुळत गेलं. मुलाला ते कळलं, आणि आपण जमिनीत जावं असं त्याला वाटलं. राग आला असता तर परवडलं असतं. रागाची तयारी त्यानं केली होती.

"म्हणजे टेलर नाही बोलला," वडील म्हणाले.

"नाही."

"काहीच नाही बोलला?"

"पँट कधी मिळेल तेवढंच सांगितलं त्यानं."

वडील बाकावर जाऊन बसले. झटक्यानं डबीच्या तारा तोडल्या, जोड नीट बांधला, मीटर पुन्हा बघितलं, मान डोलावली आणि बॅटरी चार्जरला लावली. मग त्यानं डबी वर धरून विचारलं, "हे ठेवू की फेकू?"

"साहेबांना दे," वडील म्हणाले. "त्यांचं आहे."

मुलानं ती शर्टाच्या खिशात टाकली. डबीच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी होती. कापडातून तांबडा ठिपका लुकलुकतच राहिला.

"आता बिनधास्त फिरा, काका," चार्जर काढताना झटका म्हणाला. "वाटेत चार वेळा बंद केलीत तरी चालू होईल."

वडिलांनी हात पुढे केला. मुलानं चावी दिली आणि स्वतः बाजूच्या सीटवर बसला. त्यालाही पट्टा कुठे अडकवायचा ते सापडेना. स्टिअरिंगवरची चिठ्ठी वडिलांनी काढली नाही. वळणावळणाला ती उलटी होई, सुलटी होई, आणि मुलाला प्रत्येक वेळी आपलं अक्षर वाचावं लागे.

गाडी घराकडे वळली नाही. कुठे चाललोय हे त्यानं विचारलं नाही. नकाशावर हा रस्ता त्याला तोंडपाठ होता. टेलरच्या दुकानासमोर वडिलांनी गाडी उभी केली, पण इंजिन चालूच ठेवलं.

"तू जा," समोर बघत ते म्हणाले. "सांग त्याला."

"तुम्ही नाही येत?"

"बंद केली तर परत चालू व्हायची नाही. बॅटरी उतरलेली आहे. मी बसतो."

झटका काय म्हणाला होता ते दोघांनीही ऐकलं होतं. मुलगा उतरला.

टेलर पाटावर कापड पसरून खडूनं खुणा करत होता. तोंडात टाचण्या धरलेल्या. दाराशी सावली पडली तसं त्यानं वर बघितलं, आणि मग सावलीच्या पलीकडे, धडधडणाऱ्या गाडीकडे. बोलला काहीच नाही. टाचण्यांमुळे बोलताही आलं नसतं. दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत थांबावं असं मुलाच्या मनात आलं. मग बाबा गिऱ्हाइकांसमोरच बोलले होते, हे आठवलं.

"काका, तुमच्याबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. कुठून सुरुवात करायची ते चुकलं. पुन्हा केली. "तुम्ही मला काही सांगितलं नव्हतं. मी बाबांच्या गाडीत एक यंत्र लपवून ठेवलं होतं. ते कुठे जातात ते बघायला. त्यातून मला कळलं. त्यांना वाटलं तुम्ही." आपण चाचरतोय हे त्याला ऐकू येत होतं. "हे ते यंत्र." त्यानं खिशाकडे बोट केलं, आणि बोट करायची गरज नव्हती. दोन्ही गिऱ्हाइकं त्या लुकलुकणाऱ्या खिशाकडेच बघत होती.

टेलरनं टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या आणि बाहीवरच्या उशीत खोचल्या. घाई कसलीच नव्हती त्याला.

"त्याला म्हणावं गाडी बंद कर," तो म्हणाला. "सगळा धूर आत येतोय."

मुलानं वळून हातानं खूण केली. वडिलांनी काचेतून बघितलं, जरा वेळ तसेच बसले, मग चावी फिरवली. रस्ता एकदम शांत झाला. दार उघडायला त्यांना वेळ लागला. मग ते आले, मुलाच्या बाजूनं, त्याला न शिवता आत गेले आणि शिलाई मशीनच्या पलीकडे एक मोडकं स्टूल होतं, त्यावर जाऊन बसले. टेलरनं पायानं एक खोका त्यांच्याकडे सरकवला. आतली प्यादी खुळखुळली.

मुलगा अजून उंबऱ्यावर होता. आत जावं की गाडीत जाऊन बसावं, हे त्याला कुणी सांगत नव्हतं.

"अरे बाळ," टेलर खडू उचलत म्हणाला, "दारात नको उभा राहू. उजेड अडतोय."